अक्षराभोवतीची जागा

बेळगावात लग्नपत्रिका छापून घ्यायला येणाऱ्या मंडळींची एक तक्रार आता माझ्या ओळखीची झाली आहे. मुलाकडचे मराठी, मुलीकडचे कन्नड, पत्रिका दोन्ही भाषांत. प्रूफ हातात पडल्या पडल्या मुलाचे काका म्हणतात, "ओ, हे कन्नड एवढं ठसठशीत आणि आमचं मराठी बारीक का हो केलंय?" मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवतो. दोन्हीकडे आकडा एकच, १४ पॉइंट. आकडा बघून त्यांचं समाधान होत नाही आणि होऊही नये. त्यांचा डोळा बरोबर सांगतोय. दोन्ही अक्षरं १४ पॉइंटची आहेत आणि तरीही त्यातलं एक लहान आहे, एक मोठं.

कारण पॉइंट हे अक्षराचं माप नाही. अक्षर ज्या जागेत बसतं, त्या जागेचं ते माप आहे. पंगतीत पाट सगळ्यांना सारखे मांडतात, बसणारा अंगानं किरकोळ असो की थोराड. पॉइंट म्हणजे पाटाची रुंदी. बसणाऱ्याची नव्हे.

आज कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या पोरांना हे सांगून पटत नाही, कारण त्यांना पाट दिसतच नाही. आम्हाला तो हातात धरता येत होता.

मी शिकलो शहापुरातल्या एका ट्रेडल मशीनच्या छापखान्यात. अक्षरांचे धातूचे ठसे म्हणजे खिळे, आणि ते ठेवायच्या खणांच्या पेट्या म्हणजे केस. मराठीच्या केसांसमोर तात्या उभे राहायचे, कन्नडच्या केसांसमोर मास्तर. खिळा हातात घेऊन उजेडात धरला की पहिल्यांदा दिसायचा त्याचा चेहरा, उलटा. त्या चेहऱ्याखाली शिसं, अँटिमनी आणि कथिलाच्या मिश्रधातूचा चौकोनी दांडा. दांड्याच्या एका अंगाला आडवी खाच. जुळारी, म्हणजे खिळे जुळवून ओळी लावणारा, खिळ्याकडे बघत नाही. खण कुठला हे हाताला माहीत असतं आणि खिळा सुलटा आहे की उलटा हे अंगठ्याला लागलेली खाच सांगते. पायापासून चेहऱ्यापर्यंत खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे इंचाला जरा कमी. मराठी असो, कन्नड असो, इंग्रजी असो, उंची हीच. ती केसभर कमी पडली तर अक्षर पुसट उठतं आणि केसभर वाढली तर कागदात रुततं. एका पानावर तीन लिप्या छापायच्या तर तिघींना निदान या बाबतीत एका पातळीवर यावंच लागायचं.

पण पॉइंट म्हणतात ते ही उंची नव्हे. खिळा उभा धरून वरून बघा. वरून जो चौकोन दिसतो, त्याची ओळीच्या वरून खाली जाणारी बाजू म्हणजे खिळ्याची बॉडी. १२ पॉइंटचा टाइप म्हणजे १२ पॉइंटची बॉडी. त्या बॉडीवर अक्षर केवढं कोरायचं हे ओतणाऱ्या फाउंड्रीनं ठरवायचं. त्यात 'क' मधोमध बसतो. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांच्यासाठी जागा मोकळी, खाली उकार आणि रकारासाठी. बहुतेक देवनागरी टाइपांत शिरोरेषेपासून पायापर्यंतच्या मूळ अक्षराला बॉडीची निम्म्याच्या आसपासच जागा मिळते. इंग्रजी कॅपिटल अक्षराला डोक्यावर काही घ्यायचं नसतं, म्हणून ते बॉडीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ऐसपैस उभं राहतं. २४ पॉइंटमध्ये 'बेळगाव' आणि त्याच्याच शेजारी २४ पॉइंटमध्ये इंग्रजी कॅपिटलात तेच नाव ठेवून बघा. इंग्रजी हमखास मोठं दिसेल. मराठीवर कोणी अन्याय केलेला नसतो. आमची लिपी आपल्या वाट्याच्या जागेतली बरीचशी जागा मात्रांसाठी राखून ठेवते, एवढंच.

एकदा मी स्टीलच्या पट्टीनं छापील 'अ' मोजत बसलो होतो. तात्यांनी मागून बघितलं. म्हणाले, "अक्षर कशाला मोजायलास? खिळा मोज की." माझ्या आयुष्यातलं छपाईचं शिक्षण या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. पुढं जे काही शिकलो ते यातूनच फुटत गेलं.

हा पॉइंट आला कुठून याचाही इतिहास मोठा गोड आहे. खिळे हातानं ओतले जात होते तेव्हा प्रत्येक फाउंड्रीचं माप वेगळं. मापांना आकडे नव्हते, नावं होती. पायका, स्मॉल पायका, लाँग प्रायमर, ब्रेव्हियर, ग्रेट प्रायमर. एका फाउंड्रीचा पायका दुसरीच्या पायकाशी जुळेलच याची खात्री नाही. फ्रान्समध्ये फूर्निए नावाच्या टाइप ओतणाऱ्यानं १७३७ मध्ये मापांचं पहिलं कोष्टक छापलं. त्याच शतकात पुढं दिदो घराण्यातल्या फ्रान्स्वा-आंब्रुआझनं ते 'राजाचा फूट' या तिथल्या लांबीच्या मापाला बांधलं. त्या फुटाच्या इंचात १२ रेषा, रेषेत ६ पॉइंट, म्हणून इंचात ७२. पॉइंटशी ७२ हा आकडा आजही चिकटलेला आहे, तो असा त्या राजाच्या फुटातून आलेला. पण फ्रेंच इंच आपल्या ओळखीच्या इंचाहून मोठा, त्यामुळं दिदोचा पॉइंट ०.३७६ मिलिमीटरचा झाला.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. १८७१ च्या आगीत शिकागो शहर जळालं. त्यात मार्डर, ल्यूस नावाची टाइप फाउंड्रीही गेली. साचे पुन्हा करायचेच आहेत तर एका नियमानं करू, असं त्यांनी ठरवलं. पुढं १८८६ मध्ये अमेरिकेतल्या फाउंड्र्यांनी मिळून माप पक्कं केलं. ते त्यांनी कसं पक्कं केलं बघा. पायका म्हणजे १२ पॉइंट, आणि असे ८३ पायका म्हणजे बरोबर ३५ सेंटिमीटर. इंचाच्या देशातल्या कारागिरांनी आपलं माप मीटरला टांगलं. त्यातून निघालेला पॉइंट ०.३५१ मिलिमीटरचा आणि असे ७२ घेतले तरी इंच भरायला थोडा कमीच पडतो. ही इंग्रजी-अमेरिकी मापंच आमच्याकडे आली.

देवनागरीच्या खिळ्यांना मुंबईत घाट आला. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप आजही बघितला की बोटं त्यावरून फिरवावीशी वाटतात. कन्नडच्या छपाईचा मोठा भाग मंगळूरच्या बासेल मिशन प्रेसनं उभा केला, तो १८४१ मध्ये सुरू झालेला. दोन लिप्या, दोन दिशा. एक मुंबई-पुण्याकडून घाट चढून आलेली, दुसरी मंगळूर-धारवाडकडून. त्या बेळगावात भेटल्या. या गावात 'बेळगाव समाचार' १८६३ पासूनचा आणि बाबूराव ठाकूरांचा 'तरुण भारत' १९१९ चा. म्हणजे इथल्या गल्ल्यांतून खिळ्यांचा खडखडाट पिढ्यानपिढ्या चालत आलेला. मला याचं अप्रूप अशासाठी वाटतं की दोन्ही लिप्यांचे खिळे एकाच मापाच्या पट्टीवर बसत होते. तात्या मास्तरांना म्हणायचे, "दोन एम सोड," आणि मास्तर त्यांना म्हणायचे, "एक लेड घाल." मास्तरांचं मराठी कन्नड वळणाचं, तात्यांचं कन्नड बाजारापुरतं. पण एम, एन, लेड, क्वाड, स्टिक, गॅली, चेस, कॉइन या शब्दांत दोघांना एकमेकांना कधी काही दोनदा सांगावं लागलं नाही. बाहेर चौकात काय चाललंय यावर दोघांची मतं दोन टोकांची होती. स्टिकची, म्हणजे ओळ जुळवताना हातात धरायच्या पट्टीची, रुंदी २४ एम यावर दोघांचं एकमत.

हा एम म्हणजे चौरस. ज्या टाइपाचा एम, त्याच्या बॉडीएवढा लांब आणि बॉडीएवढाच रुंद. त्याचा निम्मा तो एन. पण छापखान्यात नुसतं एम म्हटलं की बहुतेक वेळा पायका एम, म्हणजे १२ पॉइंट. स्टिक, कॉलम, मार्जिन, सगळं त्यात मोजायचं. साधारण ६ एमांचा एक इंच.

आणि कोरी जागा. हे मला नव्या मुलांना सांगताना फार भरून येतं. छापखान्यात रिकामी जागा नावाची गोष्टच नव्हती. दोन शब्दांमधली फट म्हणजे खिळ्याहून बुटका धातूचा तुकडा, स्पेस. परिच्छेदाच्या सुरुवातीची मोकळी जागा म्हणजे क्वाड. दोन ओळींमध्ये शिशाची पातळ पट्टी, ते लेड, कधी १ पॉइंटचं, कधी २ चं. पानाभोवतीच्या मोठ्या मोकळ्या जागेत लाकडी किंवा धातूचे ठोकळे, त्यांना फर्निचर म्हणायचे. हे सगळं बसवून चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, कॉइन नावाच्या पाचरी आवळल्या की पान जुळणीच्या दगडावरून उचलता यायचं. कुठं एक स्पेस ढिली राहिली असली की उचलताना मधलाच एखादा 'ळ' खाली गळायचा. पानावर जे उमटत नव्हतं, त्याचा भार उमटणाऱ्या अक्षरांइतकाच होता आणि छापखान्याला त्याचेही पैसे मोजावे लागायचे. म्हणून जुन्या छापखान्यांत लेड जपून वापरायचे. दाट ओळींची जुनी पुस्तकं बघितली की हात आखडता घेणारा मालक मला दिसतो आणि मग त्या पुस्तकांवर डोळे खुपसून बसलेले वाचकही दिसतात.

आज एक कळ दाबली की ओळींमधलं अंतर वाढतं. फुकट. तरीही आम्ही ते देत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आमच्या भागात हे अंतर का द्यावं लागतं ते तालुक्यांची नावं लावली की समजतं. एका डायरीसाठी मी बेळगाव जिल्ह्यातल्या गावांची यादी दोन भाषांत लावत होतो. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन मुख्य अक्षराच्या खाली लोंबतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. आता बघा. अथणी, गोकाक, खानापूर, बेळगावी ही नावं कन्नड ओळीवर शहाण्या मुलांसारखी बसतात. पण चिक्कोडीचा 'क' खाली लोंबतो, हुक्केरीचा 'क' लोंबतो, निप्पाणीचा 'प' लोंबतो, कित्तूरचा आणि सवदत्तीचा 'त' लोंबतो. यादीतल्या प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या नावाखाली काही ना काही लोंबलेलं. मराठीत 'निपाणी' आणि 'चिकोडी' लिहितात, तिथं खाली काही नाही. 'कित्तूर' आणि 'खानापूर'चा दीर्घ ऊकार मात्र खाली उतरतो आणि 'चिकोडी'च्या डोक्यावर ओकार आणि वेलांट्या चढलेल्या. म्हणजे मराठी वर चढते आणि थोडी खाली उतरते, कन्नड बरीच खाली उतरते. दोघींना १४ पॉइंटवर १६ चं अंतर दिलं की वरच्या ओळीचं लोंबणं खालच्या ओळीच्या डोक्यावर आदळतं. १४ वर १८ दिलं की मराठी श्वास घेते. कन्नडला बऱ्याच वेळा २० लागतात.

तरी अजून ओळीत बसायचा प्रश्न राहतोच. देवनागरी शिरोरेषेला धरून लटकते. कन्नड अक्षराच्या डोक्यावर तलेकट्टु असतो, छोटासा फटकारा, पण ते बसतं ते पायावर. इंग्रजीही पायाच्या रेषेवर उभी. तीन लिप्यांतलं एक नाव शेजारी शेजारी लिहायचं तर कुणाच्या रेषेवर? डोकी जुळवली तर पाय खालीवर होतात. पाय जुळवले तर शिरोरेषा कुठल्या कुठं जाते. यावर नियम नाही. खडे बाजारात बोर्ड रंगवणारे पेंटर होते, त्यांना मी हे करताना पाहिलं आहे. खडू लावलेली दोरी ताणून टण्कन सोडायची, पत्र्यावर पांढरी रेषा उमटायची. मराठीसाठी ते वरची रेषा पक्की धरत आणि तिला अक्षरं टांगत जात. कन्नडसाठी खालची रेषा धरत आणि त्यावर अक्षरं बसवत जात. मग दोन पावलं मागं येऊन बघत. मूळ अक्षरांचे पोटाचे भाग एका उंचीचे वाटेपर्यंत दुसऱ्या भाषेची रेषा जराशी वर किंवा जराशी खाली. त्या पेंटरना पॉइंट माहीत नव्हता. पण दोन लिप्या समान कशा दिसतात हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा त्यांना जास्त कळत होतं.

आता पाटीचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढं जाणं बरं दिसणार नाही. २०२४ मध्ये कर्नाटकानं कायद्यात दुरुस्ती करून दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलं. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात ठरलेल्या संरक्षणांत आणखी एक आकडा आहे. एखाद्या भागात १५ टक्के किंवा जास्त लोक ज्या भाषेचे, त्या भाषेतही सरकारी नियम-सूचना प्रसिद्ध व्हाव्यात. आमच्या भागातले लोक मराठीतून कागदपत्रं मागतात त्यामागं हा १५ चा आकडा आहे. मी मराठी माणूस आहे, १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासूनची ठसठस माझ्या घरातही आहे. मराठीतून सूचना मिळावी हा माझा हक्क आहे असं मी मानतो, आणि कन्नड ही या राज्याची भाषा म्हणून पाटीवर मानानं यावी यालाही माझी ना नाही. पण छपाईतला माणूस म्हणून मला विचाराल तर ६० टक्के कशाचे? पत्र्याच्या क्षेत्रफळाचे म्हणावं, तर कन्नडच्या वाट्याला ६० टक्के पत्रा देऊन त्यात अक्षर बारीक लिहिता येतं. अक्षरांच्या उंचीचे म्हणावं, तर ओत्तक्षर मोजायचं की सोडायचं? मात्रा मोजायची की नाही? मराठीच्या उरलेल्या पट्टीत वेलांटीला जागा राहिली नाही तर पेंटर काय करतो, मला माहीत आहे. तो अक्षर दाबतो. दाबलेल्या अक्षरात 'घ' आणि 'ध' सारखे दिसायला लागतात. टक्का भरला जातो, पण वाचणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. माझं मत असं की लिपीला मान द्यायचा असेल तर तिला तिच्या वरखालच्या खुणांसकट जागा द्यावी. कन्नडला तिच्या लोंबत्या अक्षरासकट आणि मराठीला तिच्या मात्रेसकट.

निपाणीकडे असाच एक टक्का विडीच्या लेबलांवर येऊन बसला. तंबाखूच्या पुड्यावर दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग धोक्याच्या सूचनेला, हा नियम १ एप्रिल २०१६ पासूनचा. विडीचा बंडल केवढासा, त्यावर लेबल केवढंसं. मूळ व्यापारचिन्ह, पत्ता, सगळं उरलेल्या १५ टक्क्यांत कोंबायचं. पूर्वी ही लेबलं हौसेनं सजवलेली असायची. पण ती सूचना मोठी असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तंबाखूच्या कामातच आयुष्य गेलेली माणसं निपाणीत घरोघर आहेत.

कायद्यानं अक्षर खरंखुरं मोजलंय ते एका वेगळ्या ठिकाणी. वेष्टनातल्या मालावर वजन, किंमत, पत्ता कसा छापायचा याचे २०११ चे नियम आहेत. त्यात लिहिलंय की अक्षराची उंची १ मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि रुंदी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी नको. कुंद्याच्या खोक्याचं लेबल करायला मिठाईवाले येतात तेव्हा हा नियम मी त्यांच्यासमोर ठेवतो. इथं पॉइंट चालत नाही. तुम्ही कॉम्प्युटरवर ५ पॉइंट लिहिलंत तर कागदावर बॉडी होते पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलं मूळ देवनागरी अक्षर १ मिलिमीटरच्या काठावर. फॉन्ट बदलला की ते काठाखाली जातं. म्हणून लेबल छापून, भिंग घेऊन, मिलिमीटरची पट्टी कागदावर ठेवूनच मोजावं लागतं. तात्यांनी मला खिळा मोजायला शिकवलं, कायदा अक्षर मोजायला लावतो. दोन्ही बरोबर आहेत. जुळाऱ्याला जागा हवी असते, गिऱ्हाइकाला वाचता यायला हवं असतं.

गंमत अशी की देशात मीटर-किलोचा कायदाही १९५६ सालचाच, त्या वर्षाच्या अगदी अखेरीचा. शेर गेले, मैल गेले, वार गेला. छापखान्यात मात्र पायका राहिला आणि कागद इंचातच राहिला. डेमी, क्राउन, फुलस्केप ही नावं अजून कागदवाल्याच्या तोंडात आहेत. २४ तावांचा दस्ता, पूर्वी २० दस्त्यांचा म्हणजे ४८० तावांचा रीम, आता ५०० चा. मीटर शिरला तो जीएसएममधून, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम या कागदाच्या मापातून, आणि ए-४ मधून. ए-० म्हणजे बरोबर एक चौरस मीटर, आणि तो चारदा मधोमध दुमडला की ए-४, म्हणून ए-४ हा चौरस मीटरचा सोळावा भाग. ८० जीएसएमच्या कागदाचा ए-४ ताव ५ ग्रॅमचा, ५०० तावांचा रीम अडीच किलोचा. हा हिशेब इतका नीटस आहे की पहिल्यांदा समजला तेव्हा मी दुकानातल्या तराजूवर रीम ठेवून बघितला होता.

मग खिळे वितळले. ट्रेडल भंगारात गेलं. कॉम्प्युटरवर अक्षरं आणि पानं लावायची सॉफ्टवेअर आली, श्री-लिपी, पेजमेकर, कन्नडसाठी नुडी. कॉम्प्युटरवरचं पान प्रिंटरला सांगणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेनं १९८० च्या दशकात पॉइंटला इंचाचा बरोबर बहात्तरावा भाग करून टाकलं. जुन्या आणि नव्या पॉइंटमधला फरक दहा इंच लांबीच्या पानाला जेमतेम एक मिलिमीटर. कुणाच्या लक्षात येणार? पण जुनं पान स्कॅन करून त्यावर नवी ओळ चिकटवायची असली की तो मिलिमीटर आ वासून समोर येतो. वेबवाल्यांनी तर पिक्सेल आणला. तिथं इंचाचे ९६ पिक्सेल धरतात आणि १२ पॉइंटचे होतात १६ पिक्सेल. फ्लेक्सवाले सरळ चौरस फुटावर आले. दहा बाय वीसचा बॅनर म्हणजे दोनशे फूट, आणि दर फुटाला. फ्लेक्सवर मराठी अक्षराची मात्रा तुटलेली दिसली की मी थांबतो. दोनशे फूट जागा, आणि मात्रेला नाही.

कॉम्प्युटरमध्ये बॉडी अदृश्य झाली पण गेली नाही. प्रत्येक फॉन्टमध्ये अजूनही तो चौकोन आहे, फक्त धातूचा नाही. फॉन्ट करणारा त्या चौकोनात अक्षर केवढं मांडायचं ते आजही स्वतः ठरवतो. म्हणून एका फॉन्टचा १४ आणि दुसऱ्याचा १४ एक नसतो, मग मराठीचा आणि कन्नडचा एक कुठून असणार? विंडोजबरोबर आलेला र. कृ. जोशींचा 'मंगल' घ्या आणि त्याच आकड्यात दुसरा कुठलाही फॉन्ट लावून बघा.

यावर मी जे करतो ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडू दे. दोन लिप्या एका पानावर आल्या की आकडे सारखे करण्याच्या फंदात पडत नाही. मराठीतला 'क' आणि कन्नडमधला 'क' मोठे करून शेजारी ठेवतो. मराठीची शिरोरेषा ते पाय आणि कन्नडचा तलेकट्टुखालचा मूळ गोल, या दोन उंच्या डोळ्याला सारख्या दिसेपर्यंत एकीचा आकडा वाढवत नेतो. मग ओळींमधलं अंतर जिला जास्त लागतं तिच्या मापानं दोघींना देतो. लग्नपत्रिकेवर मराठी १६ आणि कन्नड १४ असं काहीतरी निघतं. आकडे बघितले तर एकाला झुकतं माप दिल्यासारखं वाटतं. छापून हातात घेतलं की दोन्हीकडचे काका गप्प बसतात.

त्या डायरीचं काम अजून टेबलावर आहे. संस्थेच्या अध्यक्षांचं म्हणणं असं होतं की एवढं अंतर दिलं तर पानं वाढतील, पानं वाढली की कागद वाढेल, बजेट बसणार नाही. मी त्यांना फर्म्याचा हिशेब दाखवला. छपाईला कागद पानानं लागत नाही, फर्म्यानं लागतो, म्हणजे एका तावावर जितकी पानं बसतात तेवढ्या गठ्ठ्यानं. आमचा फर्मा १६ पानांचा. त्यांचा मजकूर २८ पानांचा, म्हणजे दोन फर्मे, ३२ पानं, आणि त्यातली शेवटची चार कोरीच राहणार होती. ती कोरी जाणार, तरी त्यांचा कागद आणि मशीनचा वेळ लागणारच. "मग ती तिथं मागं कशाला ठेवायची?" मी म्हटलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "करा की ओ." ती चार पानं मी ओळींमध्ये वाटून टाकली आहेत. यादी आता १४ वर २० आहे. चिक्कोडीचा 'क' निप्पाणीच्या डोक्यावर टेकत नाही, आणि खानापूरच्या ऊकारालाही पाय पसरायला जागा मिळाली आहे.